रुंद टायरं आणि भावजींचा गडगा

टायरवाल्याच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं मला बसायला स्टूल दिलं नि माझ्या लेकीला विचारलं, "गाडीचे मालक नाय आले?"

"स्टुलावर बसलीय ती काय," लेक म्हणाली.

तो हसला. वाईट हसला नाय, पण हसला. मी म्हटलं, "तुझं हसून झालं की टायर दाखव. आमाला ऊन चढायच्या आत परत जायचंय."

रत्नागिरीला हायवेला ते दुकान. बाहेर टायरांच्या उतरंडी लावलेल्या, पूर्वी आमच्या घरात मडक्यांच्या असायच्या तशा. रबराचा वास असा की डोकं उठावं. त्यानं आमच्या गाडीला फेरी मारली, जुन्या टायरवर बोट फिरवलं नि जीभ चुकचुकवली.

"कशी पायजेत, आजी?"

"रुंद. ही बारकी हायत, मातीत घसरतात. आणि कातळावर चिरली नाय पायजेत."

"आंबा तर उन्हाळ्यात काढायचा ना? मग रुंद कशाला? हीच नवी टाका, झालं."

"उन्हाळ्यात मी चालत पण जाते. मला भर पावसात गाडी दारापर्यंत न्यायचीय."

का न्यायची होती ते आधी सांगते.

आमचं घर डोंगराच्या माथ्यावर, कातळाच्या कडेला. डांबरी रस्ता खालच्या वाडीपर्यंतच. वाडीतनं वर यायला गाडीवाट हाय. आधी दोन गडग्यांच्या, म्हंजे बागांच्या दगडी कुंपणांच्या, मधनं जाते, मग तांबड्या मातीची घाटी चढते, आणि वर उघडा कातळ लागला की समोर आमचं अंगण. पूर्वी वर बरीच घरं होती. एकेक खाली उतरलं, कोण मुंबईला गेलं. आता वर दिवा लागतो तो आमचाच. मी नि माझी लेक. लेक नांदायला गेली होती, तिथं तिला माणसात ठेवलं नाय, ती परत आली. वाडीतल्या बायका मला विचारायच्या, "किती दिवस हाय गो?" मी म्हणायचे, "घर तिचं हाय. पावण्याला विचारतात तसं काय विचारता?" पुढं विचारायच्या बंद झाल्या.

मग ती गाडी चालवायला शिकली. चिरेखाणीवरची एक जुनी पिकअप होती, चारी चाकं ओढणारी. खाणवाल्यानं नवी घेतली, ही आमी घेतली. आंब्याच्या पेट्या, काजू, खत, कुणाची कौलं, कुणाचे चिरे, लेक सगळं वाहते. पहिल्यांदा तिला बघून पोरं शिट्ट्या मारायची. आता त्यांचेच बाप सकाळी फोन करतात, ताई, आज गाडी मोकळी हाय काय.

पण मिरगाचा पाऊस लागला की गाडी खाली वाडीत राहायची ती दसऱ्यापर्यंत. वर यायचं ते पायी, डोक्यावर ओझं घेऊन. मला ओझ्याचं काय नाय. लग्न होऊन आले तेव्हापासून वाहतेय. तांदूळ, मीठ, रॉकेल, कौलं, वासरू. नवरा मुंबईला कंपनीत, मे महिन्यात नि गणपतीला यायचा. बाकी वर्षभर घाटी नि मी. माझं पहिलं मूल त्या घाटीतच गेलं. खुर्चीला बांबू बांधून मला दवाखान्यात नेत होते. मी पोचले, ते नाय पोचलं. त्याच्यावर मी कुणाशी बोलत नाय, इथंही एवढंच.

गेल्या श्रावणात मला ताप भरला. पुन्हा तीच खुर्ची, तोच बांबू. फरक एवढाच की आता खांदा द्यायला माणसं नव्हती. लेक दोन वाड्या फिरून गोळा करून आली. म्हातारेच ते, मला घेऊन चालताना माझ्यापेक्षा जास्त धापा टाकत होते. एकाला मी म्हटलंसुद्धा, "तू बस हिच्यात, मी धरते."

माझा मुलगा मुंबईला असतो, तो धावत आला. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "आये, बस झालं. पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत मी बघतो. भर पावसात गाडी दारापर्यंत आली, तर रहा. नाय आली, तर गणपती पोचवून घराला कुलूप. तुमी दोघी माझ्याकडं."

त्याला वाटलं मी रडेन. मी म्हटलं, "ठरलं."

बाजूला माझे चुलत दीर उभे होते. त्यांना मी भावजी म्हणते. खालच्या वाडीत राहतात, घाटीच्या तोंडाशी त्यांची बाग. ते म्हणाले, "वयनी, मी काय म्हणतो, तुमचा गणपतीच खाली माझ्याकडं बसवूया. भावकी एकच ना? देवाला काय, खाली काय नि वर काय."

ते प्रेमानं बोलले असतील. पण वरची सगळी घरं अशीच गेली, ती मी बघितलीत. पहिल्या वर्षी म्हणतात, यंदापुरता गणपती खाली बसवू. दुसऱ्या वर्षी साफ करायला कोण वर जात नाय. तिसऱ्या वर्षी कौलं उतरवतात. गणपती ज्या घरातनं उठला ते घर मग नुसत्या भिंती. मी भावजींना म्हटलं, "देवाला काय नसंल. मला हाय."

म्हणून टायरं.

तर दुकानदारानं दोन प्रकारची काढून दाखवली. एक जुन्यापेक्षा जरा रुंद, वीतभर, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचं. दुसरं त्याहून रुंद, वीत नि वर दोन बोटं, बघूनच वाटावं की हे भिंतसुद्धा चढेल. त्या रुंद टायराला जुनी रिम चालत नाय, रिमही रुंद लागते. तसली चकचकीत, हलक्या धातूची मॅकव्हीलं त्यानं भिंतीला टांगली होती. लेकीचे डोळे तिकडंच.

"ही मॅकव्हीलं दगडावर आपटली तर?" मी विचारलं.

"तडा जाईल."

"आणि लोखंडी?"

"वाकेल. हातोड्यानं सरळ होते."

"मग लोखंडी."

लेक म्हणाली, "आये, जरा दिसायला पण..."

"दिसायला तू हायस ना गाडीत."

दुकानदार आता हसला तो बरा हसला. त्यानं सांगितलं, चाक आत बसतं की बाहेर येतं त्याला ऑफसेट म्हणतात. रुंद टायर घातलं नि चाक आतच ठेवलं, तर स्टेअरिंग पूर्ण फिरवताना ते आतल्या अंगाला घासतं. म्हणून ही रिम बाहेर काढलेली हाय, चाक मडगार्डच्या बाहेर दिसंल. चिखल उडंल, स्टेअरिंग जड जाईल. आणि अजून एक सांगितलं त्यानं. खाली कठीण जमीन नि वर पातळ चिखल असंल, तर फार रुंद टायर वरच्यावर तरंगतं, खाली पकडत नाय. वाळूत रुंद चांगलं, आमच्या घाटीत मधलं बरं.

हे सगळं त्यानं नीट सांगितलं. पण माझ्या डोक्यात रुंद म्हंजे रुंद बसलं होतं. आयुष्यभर बारक्या वाटेनं चालले, आता एकदा चाक तरी ऐसपैस असूदे, असं काहीसं असंल.

"वाट केवढी हाय पण?" त्यानं विचारलं. "एवढी बाहेर आलेली चाकं मावतील ना?"

"पालखी जाते," मी म्हटलं.

"पालखी जाते? मग काय प्रश्नच नाय," तो म्हणाला नि पान्याला हात घातला.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाय. शिमग्याला गावदेवाची पालखी घरोघर जाते. ज्या वाटेनं पालखी जाते ती देवाची वाट, ती कुणी अडवायची नाय नि बारीक करायची नाय. वाट केवढी, असं कुणी विचारलं तर आमच्याकडं सगळे असंच सांगतात, पालखी जाते की नाय जाते. त्या शिमग्याला पालखी वर आली तेव्हा मी नि लेकीनं मुद्दाम बघून घेतलं होतं. गडग्यांच्या मधनं पालखी, तिच्या एका अंगाला निशाणवाला नि दुसऱ्या अंगाला ढोलवाला, आरामात गेले. लेकीनं खांद्याच्या उंचीला चिवाऱ्याच्या बांबूची काठी आडवी धरून मापही घेतलं. गाडी त्यात मावत होती, शिवाय हातभर जागा उरत होती.

चार चाकं नि एक स्टेपनी, पाचही नवी घेतली. चारी चाकं ओढणाऱ्या गाडीला सगळी एकसारखीच लागतात, एखादं लहानमोठं चालत नाय. रुंद स्टेपनी गाडीखाली जुन्या जागी बसेना, ती मागं हौद्यात टाकली. वाडीत आलो तर गाडीभोवती सगळे जमले. गाडी अंग फुगवून उभ्या राहिलेल्या रेड्यासारखी दिसत होती. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला.

"वयनी, ही चाकं हायत की पिंपं?" भावजी म्हणाले.

"पिंपं," मी म्हटलं. "तुमाला पाणी भरायला देऊ काय एक?"

लेकीनं गाडी वाटेला घातली. मी बाजूला बसले होते. गडग्यांच्या मधे शिरलो, दोन गाडी-लांबी गेलो असू, नि डाव्या अंगाला खर्रकन आवाज आला. लेकीनं मागं घ्यायला बघितलं तर उजव्या अंगाला लागलं. पुन्हा पुढं. मग धडधड धडधड करून गडगा बसला. चांगला दोन माणसं झोपतील एवढा तुकडा, दगड वाटेत, गाडी मधे.

उतरून बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. गडगा म्हंजे नुसते दगड एकावर एक रचलेले, चुना नाय, माती नाय. तो टिकायचा तर बुडाला रुंद नि माथ्याला अरुंद रचावा लागतो. पालखी जाते ती माणसांच्या खांद्यावरनं, गडग्याच्या माथ्याच्या वरनं. तिथं वाट ऐसपैसच हाय. चाक जातं खालनं, बुडाजवळनं. पिढ्यान् पिढ्या पालखीवर वाट मोजली, नि बुडाशी किती उरते ते कुणी बघितलंच नव्हतं. पायानं चालणाऱ्याला त्याची गरजच कुठं पडली?

दोन्ही गडगे भावजींचे. एका अंगाला त्यांचा काजू, दुसऱ्या अंगाला आंबा. ते आले, दगडांकडं बघितलं, कमरेवर हात ठेवले.

लेक म्हणाली, "काका, गडगा जरा बुडाला आत घेऊया काय? दोन्हीकडनं चार-चार बोटं. आमी माणसं लावतो, तुमाला हातसुद्धा लावायला नको."

"एक दगड सरकणार नाय," भावजी म्हणाले. "वाट देवाची हाय, मान्य. देवाला वाट कमी पडली तर मला सांगा, मी गडगाच काढून टाकीन. चाकाला मी देव मानत नाय."

"मग आमी वर कसं जायचं?"

"कशाला जायचं? तेच तर मी वर्षभर सांगतोय."

लेकीचं तोंड उघडलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, "भावजी, गडगा माझ्या चाकानं पाडला, मी उभा करून देते. उद्या बघा."

"तुमी? या वयात? माणूस पाठवा, वयनी. उगाच पडाल नि पुन्हा खुर्ची बांधायला लावाल."

ते बोलणं मला लागलं. पण लागलं म्हणून मी काय कधी बसून राहिले नाय.

दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला, मोठा नाय, पण थांबणारा पण नाय. लेकीनं गाडी आदल्या संध्याकाळीच मागं काढून वाडीत लावली होती. इरलं घेतलं नि गेले. चिऱ्याचा गडगा मला नवा नाय. बागेतले सगळे मी नि माझ्या सासूनं रचलेत. ती मोठे दगड निवडून द्यायची, मी बसवायचे, नि मधल्या भोकात बारका दगड ठोकायचे. दगड भिजला की जड होतो नि हात सोलतो. लेक उचलून देत होती. बुडाचे दगड बसवायला घेतले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आये, हे चार बोटं आत घे ना. पडला तो पडला, कोण बघायला गेलंय कुठं होता ते."

"जिथं होता तिथंच बसंल."

"तो आपल्याला एक दगड सरकू देत नाय, आणि तू..."

"म्हणूनच. उद्या त्यांनी गावात सांगितलं की वयनीनं माझी जागा खाल्ली, तर मी वर राहिले काय नि नाय राहिले काय. मला ह्या वाटेनं मान वर करून जायचंय."

जुन्या बुडाची खूण मातीत दिसत होती, दाबलेली, फिकट. त्याच खुणेवर एकेक दगड बसवला. दुपारी भावजी येऊन बघून गेले. छत्री मिटवून तिचं टोक त्यांनी बुडाच्या रेषेला लावून बघितलं, इकडनं नि तिकडनं. संध्याकाळपर्यंत गडगा उभा. माझी बोटं मिटत नव्हती, लेकीनं भात कालवून भरवला. जेवता जेवता ती म्हणाली, "आता टायरांचं काय?"

"बदलायची."

"घेतील?"

"नाय घेतली तर बघू. इथं बसून उत्तर मिळणार नाय."

दुकानदारानं आमाला बघितलं नि आधी चाकांकडं, मग माझ्या हातांना बांधलेल्या फडक्यांकडं.

"पालखी गेली होती ना?" तो म्हणाला.

"पालखी गेली. पालखीला चाकं नसतात, बाबा."

तो कपाळाला हात लावून बसला. "खरं हाय. आमच्या गावात पण असंच सांगतात. मला पण सुचलं नाय."

घातलेली टायरं परत घेत नाय म्हणाला, नि ते बरोबरच होतं. पण पूर्णगडाकडचा एक मासळीवाला होता, त्याची गाडी वाळूत रुतायची. त्याला असलीच रुंद, बाहेर आलेली चाकं हवी होती. दुकानदारानं त्याला फोन लावला. तो आला, गाडीला मासळीचा वास, स्वतः बोलका. म्हणाला, "मावशी, वाळूवर ही चाकं म्हंजे होडी हो. तुमाला डोंगरावर कुणी सांगितली?"

"मीच मला सांगितली," मी म्हटलं.

पाचही चाकं त्यानं विकत घेतली. आता या खेपेला मी खुर्चीवर बसून ऐकलं. दुकानदार सांगत गेला, मी मधे विचारत गेले. मधलं टायर घेतलं, वीतभर रुंद, जुन्यापेक्षा जास्त, आधी घेतलेल्यापेक्षा कमी. ठोकळे मोठे, मधे खोल खाचा, चिखल फिरताना बाहेर फेकला जाईल अशा. बाजू जाड, कातळाच्या धारेला टिकंल अशी. ओझ्याचा आकडा बघून घेतला, कारण पिकअपला नुसतं रुंद टायर पुरत नाय, भार झेलणारं लागतं. रिम लोखंडीच, पण चाक मडगार्डच्या आत राहील अशी. पूर्ण वळवल्यावर आतनं थोडं घासंल, असं तो म्हणाला. लेक म्हणाली, "मी पूर्ण वळवणार नाय. दोन झटक्यात वळवीन." मी स्वतः वाकून बघितलं. चाक मडगार्डच्या बाहेर बोटभरही नव्हतं. आणि येताना गडग्याच्या बुडाशी धरून कापलेली काठी मी बरोबर आणली होती. ती चाकांच्या बाहेरच्या कडांना लावली. दोन्ही टोकांना हात जाईल एवढं उरलं.

"ही काठी पहिल्यांदाच आणायची होती," दुकानदार म्हणाला.

"पहिल्यांदा पण काठी होती. उंचावर धरली होती," लेक म्हणाली.

आषाढात तालीम सुरू झाली. रिकामी गाडी चढेना, मागनं हलकी पडायची नि नाचायची. हौद्यात चिरे टाकले, तेव्हा मागची चाकं बसली. टायरात हवा थोडी कमी केली, की ते जमिनीवर पसरतं. लेक एकदा घाटीतनं तशीच मागं घसरत आली नि गडग्याच्या अलीकडं थांबली. खाली उतरून चाकं बघितली. म्हणाली, "आये, नाय जमलं तर?"

मी म्हटलं, "चहा पी. मग पुन्हा."

मऊ जागेत मी आदल्या दिवशी चिऱ्याचे कपचे टाकून ठेवायचे. पाऊस वाहून न्यायचा, मी परत टाकायचे. एक दिवस गाडी अंगणात येऊन उभी राहिली, चिखलात बुडालेली, इंजिन गरम, काचेवर वाफ. कोंबड्या पळाल्या. लेकीनं हॉर्न वाजवला, कशाला ते तिलाच माहीत, ऐकायला वर दुसरं कोण होतं. मुलाला फोन केला तर म्हणाला, "उघडीप असंल आये त्या दिवशी. मी गणपतीला माझ्या डोळ्यांनी बघतो."

"बघ," मी म्हटलं. "डोळे पुसून ये."

गणपतीच्या आदल्या दिवशी आभाळ फुटलं होतं. मुलगा सकाळी उतरला, त्याच्या पाठीवर एक बॅग नि चेहरा ठरवून आलेल्या माणसाचा. गणपतीच्या शाळेतनं, मूर्ती घडवतात तिथनं, मूर्ती घेतली, तोंडावर फडकं, वर प्लास्टिक. मी पुढं बसले, मांडीवर पाट. लेक चालवायला. मुलगा मागं चिऱ्यांवर, स्टेपनीला धरून, अंगावर रेनकोट.

गडग्याजवळ भावजी छत्री घेऊन उभे. मला वाटलं अडवतायत. पण ते पुढं होऊन गडग्याला पाठ लावून उभे राहिले नि हातानं खूण करायला लागले, ह्या अंगाला घे, आता सरळ, आरसे मिट. गडग्याच्या काळजीनं असंल. पण वाट त्यांनीच दाखवली. चाक त्यांच्या चपलेपासनं इतक्या जवळनं गेलं की त्यांनी पाय आखडला.

"लागलं नाय ना, भावजी?"

"जा, जा," ते म्हणाले. "मूर्ती धरा नीट."

घाटीच्या वळणावर पाणी आडवं वाहत होतं. मी टाकलेले कपचे कधीच गेले होते. गाडी अर्ध्यावर आली नि मागचं अंग दरीकडं सरकलं. मुलानं मागनं टपावर हात आपटले, "थांब, थांब, ताई, थांब."

"थांबले तर गेलो," लेक आपल्याशीच म्हणाली. तिनं पाय उचलला नाय, दाबला पण नाय. गाडी तशीच आडवी सरकत राहिली. मी मूर्तीला दोन्ही हातांनी धरलं. देवाला काय सांगितलं नाय. त्याला दिसत होतं. मग खाली कुठंतरी ठोकळ्यांनी दगड धरला. तो मला बुडाखाली जाणवला, जसा पायाच्या अंगठ्याला जाणवतो. गाडी हुंकारली नि सरळ झाली, नि आमी कातळावर आलो.

अंगणात उतरल्यावर मुलगा भिजून उभा होता. चाकाला हात लावला, चिखल काढून खाच बघितली.

"आये, तू आजारी पडलीस तर?"

"तर गाडी येईल. खुर्ची नाय येणार."

"ताई कंटाळली तर?"

"तू शीक," लेक म्हणाली. "तुला कुणी अडवलंय?"

मूर्ती मखरात ठेवली, दिवा लावला. बॅग उघडून त्यानं कोरडे कपडे काढले, तेव्हा तळातनं एक मोठं नवीकोरं कुलूप खाली पडलं. पितळी, दोन किल्ल्यांचं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी कुलपाकडं. मी ते उचललं, पदरानं पुसलं.

ही स्टेपनी पण गाडीखाली बसत नव्हती, हौद्यात सुटी पडलेली असायची; बाजारात गाडी उभी केली की कोण उचलून नेईल म्हणून लेकीचा जीव तिच्यात. बैलाची जुनी साखळी माळ्यावर होती. ती मुलालाच काढायला लावली. स्टेपनीच्या रिममधनं साखळी घातली, हौद्याच्या कडीत अडकवली नि त्याला ते कुलूप लावलं. एक किल्ली लेकीला दिली, एक माझ्या कमरेला.